मऊ कडांचा ठिपका

मंगळवार, ५ मे

आले! सगळे कच्चे फोटो आले — आणि त्याच मिनिटाला वीज गेली.

बॅटरी अर्धी. नेट फोनवरून. आई म्हणाली, "त्या चंद्राला काय घाई आहे? पळून जातोय का?" चंद्र नाही पळत गं, यान पळतं. गुरूभोवती फिरता फिरता आज त्याच्या युरोपा नावाच्या बर्फाळ चंद्राच्या अगदी अंगाला घासून गेलं. जे काय दिसलं ते या फोटोंत, आणि परत लवकर दिसायचं नाही. कॅमेरा सांभाळणारी मंडळी टेक्सासमध्ये बसतात, पण फोटो उतरले की आहेत तसे सगळ्यांसमोर टाकतात. ज्याला जमेल त्याने जोडावेत. फिनलंडमध्ये रायमो जोडतो, आमच्या दगड कोरणाऱ्या गावात, तबाकात, मी जोडते.

फोटो म्हणायचं, पण असतात चिंध्या. यान स्वतःभोवती फिरत असतं, त्यामुळे कॅमेरा अख्खं चित्र घेत नाही. लाल पट्टी, हिरवी पट्टी, निळी पट्टी, परत लाल. प्रत्येक पट्टी वेगळ्या क्षणाची. त्या शिवायच्या, मग चंद्र होतो.

रायमोच्या आधी शिवायच्या. बस.

बुधवार, ६ मे

शिवलं! पहाटे वीज आली ती दुपारपर्यंत टिकली. देव आहे.

गुरूजवळ किरणांचा मारा एवढा की प्रत्येक पट्टीवर पांढरे ठिपके सांडलेले. आमच्या अंगणासारखं. इथे काकांनी कोरलेला दगड घासला जातो, त्याची पूड चपलांवर, चहात, माझ्या कीबोर्डच्या फटीत. ठिपके काढायची पद्धत जगभर एकच — एकाच जागेचे चार-पाच फोटो एकावर एक ठेवायचे. सगळ्यांत आहे ते खरं. एकातच आहे तो कचरा. बटण दाबलं की उडाला.

दाबलं. चंद्र एकदम स्वच्छ! दर वेळी हा क्षण मला फार आवडतो. भेगाच भेगा, तांबूस, एकीवरून दुसरी गेलेली.

आणि मग ते दिसलं. दिवस आणि रात्र जिथे भेटतात तिथे, ऊन अगदी आडवं पडतं त्या जागी — एक गोल. एवढ्या भेगांच्या गुंत्यात एकच गोल. सूर्याकडची कड उजळ. म्हणजे उंचवटा! खालून काहीतरी वर ढकलतंय. पाऊस झाल्यावर वारूळ उठतं तसं. मी त्याचं नावच वारूळ ठेवलं आणि टाकलं सगळ्यांसमोर: "हा उंचवटा आहे. कोणाला पैज लावायची असेल तर लावा."

पैज नको होती लिहायला? असू दे.

गुरुवार, ७ मे

रायमोचं उत्तर. "पैज घेतली. खळगा आहे. उजळ रेघेच्या आत काळी रेघ दिसत नाही का तुला?"

दिसते. पण ती खोटी आहे. चित्राला धार लावली की प्रत्येक कडेशेजारी एक नकली रेघ उमटते, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मी तसं लिहिलं. तो म्हणाला, "नकली तुझी उजळ रेघ आहे. धार तूही लावलीस, चामा." दिवसभर हेच. सगळं भांडण दोन-तीन पिक्सेलांवरून. माझ्या बाजूने अर्धे लोक, त्याच्या बाजूने अर्धे. संध्याकाळी टेक्सासवाल्यांनी स्वतःचं चित्र टाकलं, खाली लिहिलं: 'बहुधा खळगा.'

बहुधा!

मग निरोप — थेट मला. डॉ. सेपेदा. कॅमेऱ्याच्या चमूतली बाई. दोन वर्षांपूर्वी माझं एक चित्र त्यांनी भाषणात दाखवलं होतं, खाली माझं नाव घालून, नावातलं 'न्यांचामा' अगदी बरोबर लिहून. तेव्हापासून अधूनमधून बोलतो. त्या म्हणतात, पुढच्या फेरीत यान याच भागावरून जाणार आहे. पण फोटो मोजकेच घेता येतील. एक तर तुझं वारूळ, नाहीतर दक्षिणेकडची मोठी भेग. चमू भेगेच्या बाजूने झुकलाय. वीस तारखेला, बुधवारी, मतं पडतील आणि कॅमेऱ्याच्या आज्ञांना कुलूप लागेल. "मी तुझ्या बाजूने बोलेन. पण मला खात्रीचं काहीतरी हवं. चित्र सुंदर आहे, हे कारण नव्हे."

त्यानंतर ती जागा म्हातारपणीच दिसेल. कदाचित तेव्हाही नाही.

ठरलं. वीस तारखेच्या आत खात्रीचं काहीतरी.

शुक्रवार, ८ मे

सूर्य मावळायच्या आत घरातलं प्रत्येक काम पूर्ण — आईचा नियम. चर्चमधल्या सगळ्याच घरांचा, पण आईचा जरा जास्तच. अर्धवट निवडलेली भाजी, अर्धवट घासलेला दगड, काहीही शब्बाथात, शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसात, शिरता कामा नये. लॅपटॉपसुद्धा मिटायचा. मिटला.

शनिवार, ९ मे

लॅपटॉप मिटलेला. डोक्यात उघडाच.

रविवार, १० मे

सुचलं! सुचलं सुचलं सुचलं.

सकाळी चहा घेऊन मोसेती काकांच्या छपरीत गेले. काका हत्ती कोरत होते. मधेच त्यांनी तो उचलला आणि उन्हात तिरका धरला, सोंडेची सावली नीट पडते का बघायला. रोजच बघतात. जन्मापासून बघत आलेय मी. आज चहा सांडला.

"काका, मला चंद्राचा तुकडा कोरून द्या."

"आधी हत्ती आहेत पेटीभर. चंद्राला म्हणावं रांगेत उभा राहा."

"एकच. म्हणजे दोन."

"बघा! तोंडातून निघेपर्यंत वाढला."

"एकावर उंचवटा, एकावर खळगा. बाकी सगळं तसंच, फोटोतल्यासारखं. मग मी त्यावर सूर्याएवढा तिरपा टॉर्च मारणार, फोटो काढणार, आणि बघणार कुठला जुळतो."

"आणि वर काय काढू? जिराफ?"

"वर काही नाही."

"काहीच नाही? नुसती जमीन?" काकांनी हत्ती खाली ठेवला. "वहिनी, ऐकलंत का? पोरीने लिहायच्या गोष्टींतून आधी माणसं काढून टाकली, मग घटना काढून टाकल्या. आता दगडातलं जनावरही काढायला निघाली."

आई बाहेर टबात हात बुडवून बसली होती, ओल्या पॉलिशपेपरने दगड घासत. तिथूनच म्हणाली, "द्या हो भाऊजी कोरून. नाहीतर तुमच्यावर लिहील काहीतरी."

"लिहू दे की. वाचतंय कोण?"

छापून आलेल्या तीन गोष्टी! तिन्ही काकांनी चहाखाली ठेवायला वापरल्या. पण कोरून देणार आहेत. मला माहीत आहे. लगेच पांढरा दगड शोधायला उठले — गुलाबी शीर नसलेला. "चंद्र पांढराच हवा ना?" म्हणाले. काकांनी एकदा काम घेतलं की ते त्यांचंच होतं.

मंगळवार, १२ मे

दगड ओला असताना लोण्यासारखा कापला जातो. दोन दिवस काकांच्या शेजारी बसलेय, मांडीवर लॅपटॉप, "ही भेग इथे वळते, ही त्या भेगेच्या वरून जाते, खालून नाही" करत. काका भांडतात. "खालून गेली तर काय तुझ्या चंद्राचं बिघडतं?" बिघडतं. कोणती भेग आधीची ते त्यावरून कळतं. हे सांगितल्यावर मात्र तीच भेग परत कोरली.

मागे स्वतःचं नाव कोरलंय. मोठ्ठं. युरोपा त्यांनी बनवल्यासारखं.

बुधवार, १३ मे

पाऊस. वीज नाही. काका एका लग्नाच्या बोलणीला गेले. फुकट दिवस.

गुरुवार, १४ मे

भर दुपारी छपरीला पोती लावून अंधार केला. टॉर्च बादलीला बांधला, जवळजवळ जमिनीला टेकवून — त्या जागी सूर्य तेवढाच वर होता. यान गेलं त्या वाटेने फोन सरकवत फोटो काढले. आई मधेच पोतं बाजूला करून बघायची, प्रत्येक वेळी ऊन आत. "आई!" "बघतेय फक्त." "बघू नको!" "माझीच छपरी, मीच बघू नको."

निकाल — दोन्ही हरले.

उंचवटा हरला. त्याचं अर्धं अंग काळं पडतं. खळगाही हरला. त्याचं अर्धं पोट काळं पडतं. फोटोत तर काळं धाग्याएवढंच आहे. म्हणजे मी चूक आणि रायमोही चूक? की टॉर्च चूक? टॉर्च परत लावला. तेच.

काका म्हणाले, "म्हणजे माझी कोरणी चुकली?"

"तुमची नाही. चंद्राची."

"मग त्याला सांग जाऊन."

तिसरा दगड घेतला. काकांनी त्यावर फक्त बारीक गोल काठ उठवलाय आणि आजूबाजूच्या भेगा. मधलं अजून करवतीने कापलं तसं सपाट आहे. तिथे थोडं फुगवायचं की थोडं खोल करायचं, ते रविवारी बघू. अगदी थोडं. वारूळ बुटकं असू शकतं ना? असलंच पाहिजे.

डॉ. सेपेदांना लिहिलं. त्यांचं उत्तर: "दगड?? खरोखरचा दगड? फोटो पाठव! पण कुलूप बुधवारी लागतंय, विसरू नको."

शुक्रवार, १५ मे

सगळं मुसळ केरात.

टेक्सासवाल्यांनी पक्क्या मोजमापाच्या फाइली टाकल्या होत्या, फार मोठ्या, घरच्या नेटवर उतरेनात. म्हणून सकाळी मटाटूत, त्या खच्चून भरलेल्या व्हॅनमध्ये बसून किसी शहरात गेले. काम झालं. दुपारी परत आले तर ओट्यावर तिन्ही दगड. चमकतायत! आईने घासले. ओल्या कागदाने, मग आणखी बारीक कागदाने, मग मेण. काकांच्या बारीक भेगा निम्म्या गेल्या. आणि मेण निघत नाही, दगड पिऊन टाकतो ते. बर्फाच्या जमिनीला खरबरीतच दगड हवा होता, पुडीने माखलेला. हे तर न्हाव्याच्या दुकानातले आरसे!

"काय केलंस हे?"

"खरबरीत पडले होते. शब्बाथ लागायला आला."

"ते खरबरीतच हवे होते!"

"माझ्या हातून आजवर खरबरीत काम बाहेर गेलेलं नाही. लोकांनी काय म्हणायचं?"

"कोणते लोक, आई? हे टेक्सासला जायचेत!"

"मग? टेक्सासची माणसं नाहीत का?"

मी काय काय बोलले ते लिहीत नाही.  तिने हात पुसले आणि दिवसाउजेडी अंघोळीला गेली, शुक्रवारी जाते तशी. काका म्हणाले, परत कोरायला चार दिवस तरी लागतील. शब्बाथ सोडला तर बुधवारपर्यंत चारच दिवस उरतात, फोटो काढायला एकही नाही.

सूर्य गेला. मिटते.

शनिवार, १६ मे

चर्चमध्ये शेजारी बसलो. स्तोत्राचं पुस्तक एकच, दोघींची बोटं एकाच ओळीवर. तरी बोललो नाही.

रविवार, १७ मे

सगळं नीट क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

सकाळी काही सुचेना म्हणून एक खेळ केला. लिहिताना मी असे खेळ करते — काका म्हणतात तसं, काहीच घडू नये असे. गेले तीन दिवस घेतले आणि एकावर एक ठेवले, फोटो ठेवते तसे. तिन्ही दिवशी आहे ते राहील. एकाच दिवशी आहे ते उडेल. उरलं एवढं:

उठले. चहा. पाऊस. आई. मक्याची उगाली. दगड. झोपले.

किती स्वच्छ! एक डाग नाही. भांडण गेलं. टॉर्च बांधलेली बादली गेली. "टेक्सासची माणसं नाहीत का" हेही गेलं, आणि तेच तर सगळ्यात चांगलं वाक्य होतं. पुस्तकावरची बोटं गेली. मी कागदाकडे बघत बसले. जे जे घडलं होतं ते एकदाच घडलं होतं. म्हणून गेलं.

हे काहीतरी आहे असं वाटलं. काय, ते कळेना. एखादी नवी गोष्ट असेल म्हणून कागद घडी करून ठेवला. मूर्ख!

मग दगड. फेकायच्या आधी निदान फोटो काढून ठेवू म्हटलं, हट्टाने. पोती लावली, टॉर्च लावला. उंचवटा: चकाकतो, निरुपयोगी. खळगा: तसाच. तिसरा, नुसत्या काठाचा. फोन सरकवत नेला — काही नाही, काही नाही, काळा गुळगुळीत गोल — आणि एकदम डोळ्यात पांढरा जाळ!

फोन बोटभर पुढे. गेला. बोटभर मागे. परत जाळ. त्या एकाच जागेवरून, बाकी कुठूनच नाही. मधला सपाट भाग आरशासारखा अख्खा टॉर्च माझ्याकडे फेकत होता.

मी खाली बसले. पोत्यावर. आणि सकाळचा कागद आठवला.

एकदाच.

धावत घरात. ओले पाय, आई ओरडली, थांबले नाही. साफ केलेलं चित्र बंद. पहिल्या कच्च्या पट्ट्या उघडल्या, बटण दाबायच्या आधीच्या, ठिपके सांडलेल्या. वारुळाची जागा. लाल पट्टीत काही नाही. हिरवीत नाही. निळीत — गोलाच्या मधोमध, एक ठिपका. पुढच्या फोटोत नाही. त्याच्या पुढच्यात नाही.

एकातच आहे तो कचरा. सहा तारखेला मीच उडवला होता, आणि चंद्र स्वच्छ झाला म्हणून खूश झाले होते.

सोमवार, १८ मे

पण ठिपका म्हणजे काहीच नाही. असे हजारो असतात. तो चंद्रावरच्या जाळाने पडला की किरणाने, हे कसं सांगायचं? सकाळपासून तेच. दुपारी जेवताना सापडलं (चिन्सागाची पालेभाजी करपली, आईनेच करपवली, कारण मी तिला ठिपके दाखवत होते. हो, बोलायला लागलो).

किरण कॅमेऱ्याच्या पेटीतून घुसून थेट चिपवर आदळतो. त्याचा ठिपका टोकदार — एक पिक्सेल पांढरा, शेजारचा काळा. पण जो उजेड भिंगातून येतो तो थोडा पसरतो. ताऱ्यांचे ठिपके बघा, सगळ्यांना मऊ कड असते. मी एकेक पिक्सेल मोठा केला. आजूबाजूचे सगळे टोकदार. हा मऊ. ताऱ्यासारखा.

हा भिंगातून आलाय!

मग पक्क्या फाइलींतून सूर्य कुठे, यान कुठे, ते काढलं. जमीन अगदी सपाट असेल तर सूर्य कोणत्या क्षणी कॅमेऱ्यात चमकायला हवा? त्याच निळ्या पट्टीच्या क्षणी. तीनदा केलं. त्याच.

डॉ. सेपेदांना व्हिडिओ फोन लावला. समोरासमोर पहिल्यांदाच बोललो. पांढरे केस, हातात भला मोठा कप.

"न्यांचामा, निळ्या पट्टीतला एक ठिपका? गुरूपाशी? अगं, मी असे ठिपके झाडण्यात नोकरी घालवली."

"त्याची कड बघा."

"कड काय बघायची, ठिपका तो—" थांबल्या. त्यांच्या चष्म्यात स्क्रीनचा उजेड. कप खाली ठेवल्याचा आवाज आला. 

"ही कड मऊ आहे," त्या म्हणाल्या.

"हो."

"मग तुझं वारूळ—"

"वारूळ नाहीच. खळगाही नाही. सपाट आहे, बारीक काठ असलेलं. दोन्ही रेघा खऱ्या होत्या, काठाच्या आतली आणि बाहेरची. तळं होतं ते. पाणी वर आलं, गोठलं, आणि अजून त्यावर पूड बसलेली नाही. नवीन आहे."

"तुला हे सुचलं कसं?"

"आईने दगड घासला."

"काय?"

"मोठी गोष्ट आहे."

त्या हसल्या, मग एकदम कडक. "आता ऐक. हे माझ्याकडून नको यायला. तू सगळ्यांसमोर लिही. उद्याच. आणि पहिलं वाक्य हे लिही की तू चुकली होतीस. माझ्या चमूतली माणसं पैज लावणाऱ्या पोरीचं दुसरं वाक्य वाचत नाहीत."

मंगळवार, १९ मे

पहिलं वाक्य लिहायला सकाळ गेली. "आधीच्या निष्कर्षात थोडा बदल" — खोडलं. "नव्या माहितीच्या उजेडात" — शी! शेवटी: "मी चुकले होते. तो उंचवटा नाही." सोपं वाक्य. पण जड. वारूळ हे नाव लोक वापरायला लागले होते. ब्राझीलमधल्या कोणीतरी त्याचं पोस्टरही केलं होतं.

टाकलं. खाली कच्ची पट्टी, मोठा केलेला ठिपका, दगडाचा जाळ.

आधी नुसती थट्टा. "आता ठिपक्यांवर पण पैज का?" "चामा धुळीच्या प्रेमात पडली." एकाने झाडूचं चित्र पाठवलं.  मी प्रत्येकाला एवढंच लिहिलं: स्वतःच्या कच्च्या पट्टीत बघा. कड बघा.

संध्याकाळी रायमो. "बघितलं. माझ्याही कचऱ्यात आहे. मऊ. खळगाही मेला, दोघांना एकाच ठिकाणी पुरू." आणि खाली: "पैज कोणीच जिंकलं नाही. बरं झालं, माझ्याकडे द्यायला काही नव्हतं."

बुधवार, २० मे

आईला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"म्हणजे मी घासलं ते बरोबर केलं?"

"नाही. चुकीचंच केलंस."

"हं." टबात हात. "पण बरं झालं."

"हो. बरं झालं."

एवढंच. दोघींना पुरलं.

फोन आला तेव्हा अंगणात होते. हरलो. भेगेला जास्त मतं. डॉ. सेपेदा म्हणाल्या, ठिपका सगळ्यांनी मानला, पण एका ठिपक्यासाठी अख्खी फेरी द्यायला ते तयार नाहीत. "एकच उदाहरण आहे, न्यांचामा. एकच असेल तर योगायोगही असू शकतो. मी जोरात भांडले." आवाजावरून कळत होतं, भांडल्या होत्या. कुलूप लागलं.

काका म्हणाले, "हरामखोर आहेत." मग, "दगड परत पाठवू नकोत म्हणावं. माझं नाव आहे त्यावर." दगड अजून गेलेलेच नाहीत.

रडायला येत नाहीये. एकच उदाहरण — हे वाक्य कानात बसलंय. एकच का? आपण सगळे किती वर्षं पुसतोय! आधीच्या सगळ्या फेऱ्या, सगळे कच्चे फोटो अजून तिथेच पडलेत, कोणीही उघडावेत असे. कॅमेरा वळो न वळो. रायमोला लिहिलं: "अर्ध्या फेऱ्या तुझ्या, अर्ध्या माझ्या. टोकदार ते सोड. मऊ ते ठेव."

त्याचं उत्तर: "सुरू केलंय. तू झोपली आहेस असं वाटलं."

गुरुवार, २१ मे

टोकदार. टोकदार. टोकदार. टोकदार. डोळे गेले. टोकदार.

शुक्रवार, २२ मे

चार! दोन माझे, दोन रायमोचे. मऊ कडा, प्रत्येक एकाच पट्टीत, गणित चारही वेळा जुळतं. नकाशावर मांडले तर चारही एका ओळीत, दक्षिणेच्या मोठ्या भेगेवर. तीच, जिला माझ्यापेक्षा जास्त मतं मिळाली. कॅमेरा तिकडेच वळणार आहे. कुलूप लागलंय, आता कोणी फिरवूही शकत नाही.

डॉ. सेपेदांना पाठवलं. परत आलं ते फक्त एक वाक्य: "मी इथे खुर्चीवर उभी आहे."

आई दारात. "सूर्य चाललाय. काय राहिलंय अजून?"

स्क्रीनवर अख्खा चंद्र ठिपक्यांनी भरलेला, एकही पुसलेला नाही.

"काही नाही," म्हटलं. "झालं."